मोठी चक्री टाका म्हणे! पण कुठं?

पेरणी यंत्र विकणाऱ्यांनो, कोणत्या चक्रीनं (चेनच्या दातेरी चाकानं) किती बी पडतं याचा एक पानभर तक्ता मराठीत छापायला तुमचं काय जातं?

मृगाचा पाऊस झाला, वापसा आला, बियाण्याला थायरम हे बुरशीनाशक लावून झालं. सोयाबीन, 45 सेंमी ओळ, दोन रोपांत 5 सेंमी. माझ्या बियाण्याचे 100 दाणे 12 ग्रॅम भरले, म्हणजे एकराला 22 किलो बास. यंत्राचं चाक उचलून हातानं फिरवलं, पडलेलं बी तोललं, तर हिशेब एकरी 33 किलोचा! यंत्रासोबत आलेला माहितीचा कागद उघडला. त्यात मक्याचं अंतर, तेही इंचात, आणि चक्र्यांना नुसतं ए, बी, सी. दाते किती, ते ना कागदावर ना लोखंडावर. ग्रीसनं माखलेल्या हातानं मीच मोजले. बसवलेल्या दोन्ही, एक चाकाकडं नि एक बी पाडणाऱ्या दांड्यावर, 16 च्या, सुटी दिलेली 24 ची.

दुकानदाराला फोन लावला. "दादा, मोठी चक्री टाका, बी कमी पडतं." ठेवला फोन! अरे, पण कुठं टाकू? चाकाकडं की बियाच्या दांड्यावर? सगळं त्यावरच तर आहे! दांड्यावर 24 बसवली की दांडा हळू फिरतो, 33 चे 22 होतात. तीच चाकाकडं बसवली की 33 चे साडेएकोणपन्नास. वर आभाळ भरलेलं, ड्रायव्हरला दुसऱ्याच्या रानात जायची घाई. त्यानं बसवली चाकाकडं. मीही त्या घाईत पुन्हा तोलून बघितलं नाही. 30 किलोची बॅग 24 गुंठ्यांतच रिकामी झाली, तेव्हा पोटात गोळा आला.

तेवढा पट्टा मग नुसता उंच वाढला. फांद्या नाहीत, शेंगा मोजक्या, वारं सुटलं की आडवा. शेजारच्या पातळ पेरलेल्या तासांकडं बघून जीव जळायचा. बियाणं काय फुकट येतं?

बरं, चक्री बदलणं तरी सोपं असावं! मोठी बसवली की चेन आखूड पडते, चेन ताणायचा बोल्ट गंजलेला, त्याच्या मापाचा पाना सोबत दिलेला नाही. भर वापशात एका चक्रीपायी दीड तास गेला आमचा.

आता हरभरा पेरायचाय. दाणा वेगळा, बी पाडणारी प्लेट वेगळी, चक्री वेगळी. काल तोच कागद पुन्हा उघडला. हरभऱ्याचं नावसुद्धा नाही त्यात.