दिवा लागलाय का?

आत्याचा फोन संध्याकाळी येतो आणि तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "तू कामात नाहीस ना?" या प्रश्नाला 'आहे' असंही उत्तर देता येतं, पण ते माझ्या तोंडून कधी निघत नाही.

"नाही गं, बोल."

"माझ्या मॅकवर भोवरा आलाय."

मॅक म्हणजे ॲपल कंपनीचा कॉम्प्युटर, आणि भोवरा म्हणजे तो अडकला की पडद्यावर येणारा गरगरणारा रंगीत चेंडू. मॅकवाल्यांनी त्याला नाना नावं ठेवली आहेत, पण आत्याने उभं आयुष्य शाळेत भूगोल शिकवला आहे. ज्यात शिरलेलं काही बाहेर येत नाही तो भोवरा, ही तिची व्याख्या मला अजून खोडता आलेली नाही.

माझाही पहिला प्रश्न ठरलेला असतो. "चार्जर लावलायस ना? वायरीच्या टोकाचा दिवा लागलाय का? नारिंगी की हिरवा?"

"मी काय बावळट आहे का?" हे तिचं उत्तर. हेही ठरलेलं.

घरात मॅकचा जाणकार म्हणून माझी नेमणूक कशी झाली, ते सांगायला हवं. मी सगळ्यांच्या आधी मॅक घेतला. संपलं. पहिला आठवडा मी खिडकी बंद करायची फुली शोधत होतो. आयुष्यभर ती उजव्या कोपऱ्यात होती. इथे डाव्या कोपऱ्यात लाल, पिवळा, हिरवा असे तीन ठिपके. लाल दाबला, खिडकी गेली, मी खूश. महिन्याभराने कुणीतरी दाखवलं की खालच्या पट्टीत ज्या चिन्हांखाली बारीक ठिपका आहे, ती सगळी मंडळी अजून आत जागीच आहेत. म्हणजे मी रोज शटर तेवढं ओढत होतो आणि आत मालक, नोकर, दिवे, पंखे सगळं चालू. खरोखर बंद करायचं तर कमांड आणि क्यू दाबायचं. आणि नुसता टॅब बंद करायचा तर कमांड आणि डब्ल्यू. क्यू आणि डब्ल्यू कळफलकावर सख्खे शेजारी. एक टॅब मिटायला गेलो आणि भरल्या घराला कुलूप लागलं, असं एकदा झालं की माणूस खरा मॅकवाला झाला असं समजावं.

एवढ्या ज्ञानावर मी जाणकार झालो, आणि आत्याने "तू आहेसच ना" म्हणत मॅक घेतला.

फोनवरून मदत करताना खरी अडचण मॅकची नसतीच, नावांची असते. मी म्हणतो, "कमांड दाब." ती विचारते, "ती कुठली?" कळांवरची अक्षरं मुंगीएवढी, आणि आत्याचा चश्मा कायम दुसऱ्या खोलीत.

"स्पेसबारच्या शेजारची. चित्र आहे बघ तिच्यावर."

"चार कानांचं फूल?"

"हो, तेच."

एकदा भोवरा बराच वेळ हटेना, तेव्हा वेळ काढायला मी तिला त्या फुलाची गोष्ट सांगितली. १९८४ साली पहिला मॅकिंटॉश आला, त्याच्या तयारीच्या काळातली. मेनूत प्रत्येक आज्ञेपुढे आधी ॲपलचं सफरचंदाचं चिन्ह होतं. ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांना पडद्यावर एवढी सफरचंदं खटकली. मग चित्रकार सुसान केअर यांनी चिन्हांचा एक कोश चाळला आणि त्यातून हे चिन्ह उचललं. उत्तर युरोपातल्या देशांत रस्त्याकडेला हीच खूण लावलेली असते आणि तिचा अर्थ, इथे जवळपास पाहण्यासारखं काही आहे.

पलीकडे क्षणभर शांतता. मग आत्याचा वर्गावरचा आवाज. "अरे, म्हणजे नकाशातलं सांकेतिक चिन्ह! हे आधी सांगायचं सोडून कमांड कमांड काय करत बसलास?"

तेव्हापासून त्या कळीचं नाव 'प्रेक्षणीय स्थळ'. पुढे ऑप्शनच्या कळीचीही पाळी आली. तिच्यावरची रेघ एका जागी वाट सोडून खाली उतरते, म्हणून तो 'सांधा', रेल्वेचा असतो तसा. आता आमच्या घरात अडकलेला प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करायचा तर आवाज येतो, "प्रेक्षणीय स्थळ, सांधा आणि एस्केप, तिन्ही एकदम!" नवख्या माणसाला वाटेल सहलीची आखणी चालली आहे.

तर भोवरा. तो गेला. पण दुसऱ्या दिवशी फोन आलाच. "मी पत्र लिहिलं ते कुठे गेलं?"

हे प्रकरण सोडवायला मला पाऊण तास लागला. आत्याने फाइलवर एकदा क्लिक केलं आणि उघडण्यासाठी रिटर्न दाबलं. विंडोजवर याने फाइल उघडते. मॅकमध्ये फाइलचं नाव बदलायला घेतलं जातं. आत्या पडद्याकडे बघून टंकत नाही, बोटांकडे बघून टंकते. तिने 'प्रिय सुहृद, पत्रास उत्तर द्यायला उशीर झाला याबद्दल' पासून सुरुवात केली आणि हे सगळं फाइलच्या नावात जात राहिलं. शेवटी नावाची कमाल मर्यादा आली आणि मॅकने पुढचं अक्षर घ्यायचं नाकारलं, तेव्हा तिने मान वर केली. पत्राचा मजकूर कोरा, नाव तेवढं ओळभर लांब. मी म्हटलं, प्रेक्षणीय स्थळ आणि ओ दाबून उघडत जा. ती म्हणाली, "मग रिटर्न कशाला ठेवलंय?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. जाणकाराने अशा वेळी 'ते तसंच असतं' म्हणायचं असतं. मी म्हटलं.

हे वाक्य मी एकूणच फार वापरतो. डिलीटची कळ मागचं अक्षर का खोडते, पुढचं का नाही? ते तसंच असतं. (पुढचं खोडायला सोबत एफएन दाबायची, हे मला नंतर कळलं.) फाइल कट का करता येत नाही? ते तसंच असतं. खरं तर कॉपी करून पेस्ट करताना सांधा जोडीला घेतला की फाइल जुन्या जागेवरून उठून नव्या जागी येते. हे कळल्यावर मी ते आत्याला अशा थाटात सांगितलं की जणू जन्मजात ठाऊक होतं.

पण सगळ्यात गाजलेलं प्रकरण पेन ड्राइव्हचं. शाळेच्या सहलींचे सगळे फोटो तिने एका पेन ड्राइव्हवर गोळा केले होते. तो काढायचा कसा, तिने विचारलं. मी सहज म्हणालो, "त्याचं चिन्ह ओढ आणि कचऱ्याच्या डब्यात टाक."

पलीकडून काहीच आवाज येईना.

"आत्या?"

"माझे फोटो मी कचऱ्यात टाकू?"

"फोटो नाही गं. पेन ड्राइव्ह."

"आणि फोटो कुठे आहेत?"

तर्कात तिच्याशी कुणी जिंकलेलं नाही. मी समजावलं की मॅकवर ही फार जुनी रीत आहे, डिस्क डब्याकडे ओढली की ती पुसली जात नाही, बाहेर निघायला मोकळी होते. तू नुसती ओढायला लाग, डब्याचं चित्रच बदलेल, त्रिकोण आणि खाली रेघ दिसेल. ती म्हणाली, "आणि नाही बदललं तर?" मी म्हटलं, बदलतं. ती म्हणाली, "तू शपथेवर सांग." मी शपथ घेतली. मग ती हळूहळू, अंतर सांगत सांगत, ते चिन्ह ओढू लागली. "निम्म्यात आले. अजून डबाच आहे. अजून डबाच. बदललं! बदललं रे!" त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून एक यान सुखरूप उतरवलं असं मला वाटलं. एवढं होऊनही तिचा विश्वास बसलेला नाही. ती आजही आधी मॅक पूर्ण बंद करते आणि मग पेन ड्राइव्ह उपटते.

तिने नवा ब्राउझर उतरवून घेतला त्याचीही एक कथा आहे. मॅक बंद करून चालू केला की तो गायब, आणि खालच्या पट्टीत त्याच्या जागी प्रश्नचिन्ह. ती पुन्हा उतरवून घ्यायची. असे सात वेळा उतरवलेले निघाले. उतरवलेली ती गोष्ट म्हणजे नुसतं खोकं असतं. उघडल्यावर आतलं चिन्ह बाण दाखवतो त्या ॲप्लिकेशन्सच्या फोल्डरमध्ये ओढून ठेवायचं असतं. आत्या इतके दिवस खोक्यात हात घालून वस्तू वापरत होती. "बाण दिसला नाही का?" मी विचारलं. "दिसला की. छान काढलाय."

एके दिवशी मी तिला पडद्याचं चित्र पाठवायला सांगितलं. प्रेक्षणीय स्थळ, शिफ्ट आणि ३ दाबलं की पूर्ण पडद्याचं चित्र निघतं, ४ दाबलं की हवा तेवढाच भाग. तिने मोबाइलने पडद्याचा फोटो काढून पाठवला. त्यात मॅकचा निरोप दिसत नव्हता, पण काचेत आत्या अगदी स्पष्ट आली होती, कपाळावर चश्मा.

ती माझ्यापुढे गेली ती एकाच विषयात. "मॅकओएस कुठली आहे ते बघ, सफरचंदाखाली पहिलंच आहे," असं मी म्हटलं आणि तिला मॅकच्या या कार्यप्रणालीच्या आवृत्त्यांच्या नावांचा शोध लागला. २००१ पासून आधी सगळी मांजरकुळातली नावं, चित्ता वगैरे. २०१३ पासून कॅलिफोर्नियातली ठिकाणं. आता मला ही नावं कधी क्रमाने आठवत नाहीत, पण तिने ती वर्गात म्हणून घ्यावीत तशी म्हटली. योसेमिटी, दरी. सिएरा, पर्वत. मोहावे, वाळवंट. कॅटालिना, बेट. बिग सुर, किनारा. "वा," ती म्हणाली, "एका राज्यात सगळी भूरूपं." मग तिची नजर आकड्यांवर गेली. सिकोया १५ आणि त्याच्या पुढचं टाहो थेट २६.

"मधले दहा कुठे गेले?"

मी सांगितलं की २०२५ मध्ये आकडा येणाऱ्या वर्षाशी जुळवून घेतला, म्हणून २६.

"म्हणजे दहा इयत्ता गाळून वरच्या वर्गात ढकललं," असा शेरा मारून तिने विषय मिटवला.

आता माझ्यावर आलेल्या प्रसंगाकडे वळतो. इतका वेळ टाळत होतो.

सकाळची वेळ, दुपारपर्यंत एक काम पाठवायचं होतं. मी मॅक उघडला. पडदा काळा. कळा दाबल्या, काही नाही. ट्रॅकपॅड दाबला, तर त्याची नेहमीची टक्कसुद्धा नाही. बोटाखाली नुसती थंड काच. पडदा गेला असता तर टक्क तरी झाली असती, असा मी विचार केला. म्हणजे पडदाही गेला आणि ट्रॅकपॅडही. दोन अवयव एकदम म्हणजे आतलं मुख्य काहीतरी. माझ्या पोटात गोळा आला.

मी कार्यालयातल्या एका मित्राला फोन लावला. त्याच्याकडे मॅकच्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध आहे. "पीरॅम रिसेट कर." म्हणजे मॅकने जपलेल्या काही बारीक सेटिंग्ज पुसून टाकायच्या. त्यासाठी कमांड, ऑप्शन, पी आणि आर या चार कळा, मॅक चालू करता करता दाबून वीसेक सेकंद धरायच्या. इंटेलची चिप असलेल्या मॅकवर हा उपाय खराच होता. २०२० पासून ॲपलच्या स्वतःच्या एम मालिकेच्या चिपचे मॅक आले, त्यांच्यात त्या चार कळांना हे कामच उरलेलं नाही. हे मला ठाऊक होतं. तरीही मी टेबलावर ओणवा होऊन, दोन्ही हातांची बोटं ताणून, नाकाने सेकंद मोजत उभा होतो. बुडत्याला चार कळांचा आधार.

दुसऱ्या एकाने फक्त एवढंच विचारलं, "बॅकअप आहे ना?" हा प्रश्न मॅकवाले सांत्वनाला आल्यासारखा खालच्या आवाजात विचारतात. टाइम मशीन ही मॅकमधलीच बॅकअपची सोय २००७ पासून आहे. बॅकअपची डिस्कही माझ्याकडे आहे. ती कपाटात आहे.

इतक्यात फोन वाजला.

"तू कामात नाहीस ना?"

"आहे!" मी म्हटलं. माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

"काय झालं?"

मी सांगितलं. पडदा, ट्रॅकपॅड, आतलं मुख्य काहीतरी, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"दिवा लागलाय का?"

"कसला दिवा?"

"वायरीच्या टोकाचा. नारिंगी की हिरवा?"

मी काय बावळट आहे का, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि वायरीकडे पाहिलं. चुंबकाचं टोक मॅकला घट्ट चिकटलेलं होतं, रात्रीपासून, म्हणून तर मी निर्धास्त होतो. दिवा मात्र नव्हता. नारिंगी नाही, हिरवा नाही.

"दुसरं टोक बघ," आत्या म्हणाली.

मी टेबलाखाली वाकलो. दुसरं टोक चार्जरमधून निसटून जमिनीवर पडलं होतं. बॅटरी रात्रीतच संपली होती. आणि ती टक्क? तो ट्रॅकपॅड मुळात खाली जातच नाही. बोटाचा दाब ओळखून आतून एक यंत्र हलकेच ठोसा देतं आणि आपल्याला वाटतं दाबला गेला. वीज नाही तर ठोसा नाही. हे मी कधीतरी वाचलं होतं. लोकांना सांगितलंही होतं.

मी टोक खोचलं.

"लागला का?"

"लागला."

"कुठला?"

"नारिंगी."

"मग पाच-दहा मिनिटं थांब, लगेच बटण दाबत सुटू नकोस. आणि तोवर रिकामाच आहेस तर ऐक, माझ्याकडे पुन्हा भोवरा आलाय."