दहावीवर सहा महिन्यांत कुणी नर्स होत नाही

आमच्या वैनींनी काल रात्री एक फॉरवर्ड पाठवलं, खाली एवढंच, "खरं काय गं हे?" भाची यंदा दहावीला आहे, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत, आणि हॉस्पिटलमध्येच काम करायचं म्हणून आठवीपासून तिचा हट्ट चाललाय. मेसेज असा: मराठी मीडियमच्या मुलींना मेडिकल लाईन झेपत नाही, डॉक्टर व्हायला कोटभर रुपये लागतात आणि त्याखाली नर्स सोडून काही नाही, रात्रपाळी करणाऱ्या मुलींची लग्नं जमत नाहीत, म्हणून पीयूसी सायन्सवर (पीयूसी म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी) दोन वर्षं घालवू नका, दहावीनंतर सहा महिन्यांचा नर्सिंग कोर्स करा, सर्टिफिकेट आणि नोकरी हमखास. शेवटी एक फोन नंबर.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरू करते कारण खरा घात तिथं आहे. नर्स कुणाला म्हणायचं हे कुठली अकॅडमी ठरवत नाही, ते कायद्यानं ठरतं, आणि त्यासाठी १९४७ च्या कायद्यानं झालेली इंडियन नर्सिंग कौन्सिल आहे. त्यांचे नियम वेबसाईटवर आहेत, कुणीही बघा. एएनएम (सहाय्यक नर्स आणि मिडवाइफ) दोन वर्षं, जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवायफरीचा डिप्लोमा) तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षं. तिन्हीला बारावी, म्हणजे आपल्याकडची सेकंड पीयूसी, पास पाहिजे आणि वयाची १७ वर्षं पूर्ण पाहिजेत. बीएस्सीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, पण जीएनएमला आर्ट्सवाली मुलगीसुद्धा चालते, बारावीला इंग्रजी विषय आणि ४० टक्के असले की झालं. कोर्स संपला की स्टेट कौन्सिलचं, म्हणजे राज्याच्या नर्सिंग कौन्सिलचं, रजिस्ट्रेशन. ते नसेल तर ती मुलगी कायद्याने नर्स नाही, मग भिंतीवर कितीही मोठं सर्टिफिकेट लावा.

मी स्वतः वॉर्डात काम करते आणि असल्या सर्टिफिकेटवर आलेल्या मुली बघितल्यात. गोड, कष्टाळू पोरी. आईनं बचत गटाचं कर्ज काढून फी भरलेली असते. काम मिळतं ते पेशंटचे कपडे बदलायचं, बेडपॅन द्यायचं, आणि कधीकधी कुणीतरी बेधडक इंजेक्शनची सिरिंज त्यांच्या हातात देतं. उद्या पेशंटला काही झालं तर अडकणार कोण, ती अठरा वर्षांची पोर. तिला जीएनएमला जायचं असेल तर पुन्हा पीयूसीपासून सुरुवात, तोपर्यंत घरचे म्हणतात आता वय झालं. हे बघून माझा जीव जळतो म्हणून एवढं तळमळीनं लिहायलेय.

एक गोष्ट कबूल करते, नाईलाजानं. दहावीवर काहीच नाही असं नाही. रुग्ण सहाय्यकाचे थोड्या महिन्यांचे सरकारमान्य कोर्स आहेत, काम प्रामाणिक आहे, पण ते त्याच नावानं विका, नर्सिंग म्हणून नको. आणि कर्नाटकात पॅरामेडिकल बोर्डाचे डिप्लोमा एसएसएलसीवरसुद्धा (म्हणजे दहावीवर) होत आलेत, लॅब टेक्निशियन, एक्सरे, ऑपरेशन थिएटर वगैरे, पण ते तीन वर्षांचे, सहा महिन्यांचे नाहीत.

आता मराठी मीडियम. मीसुद्धा मराठी शाळेतलीच. पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी जड गेली, खोटं कशाला बोलू, डिक्शनरी घेऊन रात्री बसायचे, पण दुसऱ्या वर्षी तेच शब्द तोंडात बसले. आणि आपल्या बेळगावच्या वॉर्डात एका खाटेवर मराठी, शेजारी कन्नड, पलीकडं उर्दू बोलणारी म्हातारी असते, तिथं दोन-तीन भाषा येणारी आपली पोरगी सगळ्यांना हवी असते. कन्नड मात्र नीट शिकवा, इथल्या सरकारी नोकरीला ते लागतंच, त्यावर रुसून पोरीचं नुकसान करू नका. डॉक्टरकीच्या प्रवेशासाठीच्या 'नीट' परीक्षेचा पेपर मराठीतही असतो, पण मराठीसाठी सेंटर महाराष्ट्रातलं घ्यावं लागतं, फॉर्म भरताना हे लक्षात ठेवा. कर्नाटकातला कन्नड मीडियमचा कोटा आपल्याला लागू होत नाही हे खरं, पण पहिली ते दहावी खेड्यात शिकलेल्यांसाठी रूरल कोटा आहे. आणि महाराष्ट्राच्या मेडिकल प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळ्या जागा असतात, हे किती जणांना ठाऊक आहे? शाळेत हे कुणी सांगत नाही, याचाच मला जास्त राग आहे.

कोटभर रुपयांचं म्हणाल तर प्रायव्हेट मॅनेजमेंट सीटला लागत असतील, पण बेळगावातच बिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, मार्क पडले तर सरकारी सीटची फी त्याच्या आसपासही नाही. नर्स सोडून काही नाही म्हणणाऱ्यानं एकदा कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात चक्कर मारावी, डायलिसिस, फिजिओथेरपी, डोळे तपासणी, फार्मसी, ब्लड बँक, सगळीकडं मुली आहेत.

लग्नाचं काय बोलायचं. शाहू महाराजांनी डॉ. कृष्णाबाई केळवकरांना शेजारच्या कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात नेमलं त्याला शंभर वर्षं उलटून गेली आणि आपण अजून रात्रपाळीवरून स्थळं मोडतोय. भीती मात्र खोटी नाही, ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीचं जे झालं त्यानं माझीही झोप उडाली होती. मग हॉस्पिटलला विचारा की, रात्री गाडी आहे का, विश्रांतीची खोली आतून बंद होते का, सिक्युरिटी कोण. पोरीला घरी बसवून वॉर्ड सुरक्षित होत नाही.

वैनींना मी सांगितलंय, त्या नंबरवर फोन करायचाच असेल तर दोनच गोष्टी विचारा: तुमच्या कोर्सला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे काय, आणि कोर्स झाल्यावर स्टेट कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळतं काय. नुसतं "आधी ॲडमिशन घ्या, मग बोलू" म्हणाले तर फोन ठेवा. आणि भाचीच्या शाळेतल्या बाईंना म्हणावं, आठवी ते दहावीच्या मुलींसाठी पीएचसीतली (प्राथमिक आरोग्य केंद्रातली) सिस्टर आणि लॅबवाली, दोघींना एक तास बोलवा. मला बोलावलं तर मी सुट्टी काढून येते.