हमाल दाखवा

ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या चाकावरच्या घराच्या, दारावर २४,९९५ डॉलर असा आकडा चिकटवला होता. एकेक अंक पाटाएवढा. शेवटच्या पाचाच्या डोक्यावर मात्र एक बारीक चांदणी होती, लहान बाळाला तीट लावावी तशी. बायको म्हणाली, "बघ, बसतंय की आपल्या बजेटमध्ये!" मी म्हणालो, "बसतंय तर." चांदणीकडे लक्ष गेलं ते फक्त बाबांचं.

"ती काय रे?"

मी वाकून खालची ओळ वाचली. ती वाचायला खरं तर लोटांगण घालावं लागलं असतं. "वाहतूक, तयारी, कागदपत्रं, कर आणि नंबरप्लेट वेगळे, असं लिहिलंय."

"म्हणजे पट्टी निघायचीय अजून," बाबा म्हणाले आणि त्यांनी खिशाला लावलेलं पेन काढलं.

बाबांनी अडतीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून काढली. शेतकऱ्याचा माल सौद्यात गेला की त्याच्या हातात जी हिशोबपट्टी पडते ती लिहिणं हे त्यांचं काम. वर मालाचं वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, वाराई, बारदान, भाडं, आणि सगळ्यात शेवटी शेतकऱ्याचं तोंड बघवत नाही तो आकडा. पट्टीचा महिमा महाराष्ट्राला सांगायला नको. २०२३ साली सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा घालून शेतकऱ्याला दोन रुपयांचा चेक मिळाला होता, तो पट्टीनंच. तर असा हा माणूस सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे फ्लोरिडात आला होता आणि आल्यापासून त्याला काही काम नव्हतं.

ट्रेलर घ्यायचं खूळ बायकोचं. मोटेलच्या चादरींवर तिचा विश्वास नाही, आणि सुट्टीतसुद्धा स्वतःच्या कुकरचा वरण-भात मिळाला तर सुट्टी सुट्टीसारखी वाटते असं तिचं म्हणणं. त्यात दर जानेवारीला टॅम्पात या चाकावरच्या घरांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे दोन वर्षं आम्ही नुसते आत शिरून गाद्या दाबून आलो होतो. या वर्षी प्रदर्शन झाल्यावर थेट डीलरकडे गेलो, आणि बाबांना फिरायला म्हणून बरोबर घेतलं. आई शहाणी. ती म्हणाली, "मी नाही येत. हे कुठं गेले की घासाघीस करतात आणि मला दुसरीकडं बघत उभं राहावं लागतं."

विक्रेता तरुण होता आणि हसतमुख होता. त्यानं आम्हाला थंड पाण्याच्या बाटल्या दिल्या, बाबांना 'सर' म्हटलं, आणि एक कागद पुढे सरकवला. मी तो आधी वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. दोन्हीकडून तो वाईटच होता.

गाडीची किंमत २४,९९५. वाहतूक १,९९५. तयारी, म्हणजे ज्याला इथे 'प्रेप' म्हणतात, १,४९५. 'डॉक फी', म्हणजे कागदपत्रांची फी, ९९९. इलेक्ट्रॉनिक नोंदणी १९९. स्टार्टर किट २९९. बॅटरी आणि गॅस २२९. छपराला आणि कापडाला संरक्षक लेप १,२९५. टायर आणि चाकांची हमी ८९९. टायरमध्ये नायट्रोजन १९९. म्हणजे किमतीवर ७,६०९ चा डोंगर, त्या डोंगरावर पुन्हा कर, आणि बेरीज साडेचौतीस हजारांच्या पुढे. इथे फीवरही कर लागतो. कागदपत्रं तयार केल्याबद्दल फी, आणि फी घेतल्याबद्दल कर.

अमेरिकेत पंधरा वर्षं राहून मला एक कला उत्तम जमते: असा कागद समोर आला की गंभीर चेहरा करायचा, दोनदा मान हलवायची आणि सही करायची. भांडणाची लाज वाटते. समोरचा हसत असला तर जास्तच वाटते. मी पेन उचललं. बाबांनी ते माझ्या हातून काढून घेतलं.

"त्याला विचार, वाहतूक कुठून कुठे?"

ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्टहून आला होता. या देशातले बहुतेक ट्रेलर एल्कहार्ट आणि त्याच्या आसपासच्या गावांतच बनतात, आपल्याकडे इचलकरंजीत जसे घरोघर माग तसा तिथे प्रत्येकाचा कोणी ना कोणी ट्रेलरच्या कारखान्यात. तिथून टॅम्पा हजार मैलांच्या वर. हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग भाडं खरं. माल आला म्हणजे भाडं आलंच. पण बिल्टी दाखवायला सांग."

बिल्टीला, म्हणजे मालाच्या भाड्याच्या पावतीला, इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना. मी विक्रेत्याला म्हणालो, "वाहतुकीचा खर्च कसा काढला ते बघायला माझ्या वडिलांना आवडेल." तो म्हणाला, वाहतूक सगळ्यांना एकसारखी आहे. बाबांनी शेजारच्या, आमच्यापेक्षा दीडपट लांब ट्रेलरकडे बोट दाखवलं. त्यालाही १,९९५. "गाडीभर पोती आणि अर्धी गाडी पोती, भाडं सारखंच व्हय?" मी याचं भाषांतर "अच्छा, असं आहे का" असं केलं.

नायट्रोजनवर फार वेळ गेला नाही. हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो हे मला शाळेपासून माहीत आहे. उरलेल्या बावीस टक्क्यांचे १९९ डॉलर देण्याइतकी माझीही भीड नव्हती. लेप आणि चाकांची हमी या दोन ओळी बाबांनी न विचारताच खोडल्या. "ह्या पट्टीवरच्या नाहीत. ह्या दुकानाबाहेर उभं राहून विकायच्या गोष्टी."

मग आलं स्टार्टर किट. खोक्यावर पाईप, नळ्या, एक निळी बाटली असं चित्र होतं. "पाईप कशाला? तुझ्या बागेत आहे की." मला पटलं. बागेत पाईप आहे. बाबांनी ती ओळही खोडली, आणि खरं सांगतो, त्या दिवशी त्यांनी सगळ्यात ठसठशीत रेघ मारली असेल तर ती हीच.

राहिली तयारी. १,४९५ डॉलर.

"ही तयारी कोणी केली?"

"इथले कामगार करतात, बाबा."

"कोण? त्याला बोलव."

"अहो, असं बोलवत नाहीत इथे."

"अरे, हमाली लावली म्हणजे कुठंतरी हमाल असणारच की. यार्डात शेतकरी हमालीवरून कधी भांडायचा नाही. का? हमाल समोर उभा असायचा, पाठीवर पोतं घेऊन, घामानं निथळत. ज्या ओळीचा माणूस दाखवता येत नाही, त्या ओळीवरून भांडणं व्हायची. त्याला म्हण, हमाल दाखव."

मी म्हणालो, "माझ्या वडिलांना तुमच्या तंत्रज्ञांना भेटायची फार इच्छा आहे." विक्रेत्याला आनंद झाला. असं गिऱ्हाईक त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटत होतं.

तंत्रज्ञ म्हणजे विशीतला एक सडसडीत पोरगा निघाला. हातमोजे काढून त्यानं बाबांशी हात मिळवला. तयारीत काय काय करतो ते त्यानं मनापासून सांगितलं: गॅसची गळती बघायची, पाण्याचा दाब देऊन नळ तपासायचे, फ्रीज गॅस आणि वीज दोन्हीवर चालतोय का पाहायचा, भिंतीतून बाहेर सरकणारी खोली सरकवून बघायची. दोनेक तास, कधी अर्धा दिवस. मी विचारलं, "या ट्रेलरचं झालं?" तो म्हणाला, "नाही, सही झाल्यावर करतो."

मी भाषांतर करायच्या आतच बाबांना कळलं. त्या पोराच्या चेहऱ्यावरून कळलं. "म्हणजे पोतं अजून उचललंच नाही!"

मग त्या पोरानं उत्साहाच्या भरात वीज जोडून सरकती खोली दाखवायला घेतली. ती घरघरत अर्ध्यावर आली आणि तिथेच थांबली. मागेही जाईना, पुढेही येईना. बायको आत होती; ती सोफ्यासकट अर्धवट टॅम्पाच्या उन्हात आली. विक्रेता म्हणाला, असं कधी होत नाही. पोरगा म्हणाला, होतं.

बाबा त्या पोरावर खूश झाले. "ह्याची हमाली द्यायची. पण ह्यातले किती ह्याच्या हातात पडतात ते विचार." हे मी विचारलं नाही. विक्रेता उत्सुकतेनं बघत होता, म्हणून सांगितलं की वडिलांना पडद्यांचा रंग आवडला.

कागद घेऊन आम्ही त्या दिवशी उठलो. रात्री मला झोप येईना, म्हणून कायदे वाचत बसलो. झोपेला याहून चांगलं औषध नाही, पण या वेळी उलटा परिणाम झाला. अमेरिकेत नव्या मोटारीच्या काचेवर छापील किमतीचा कागद लावायचा कायदा १९५८ पासून आहे, पण तो मोटारींना. ट्रेलरला मोटारच नाही, त्यामुळे कागदही नाही. डीलरच्या कागदपत्र-फीला कॅलिफोर्नियात ८५ डॉलरची मर्यादा आहे. आमच्या फ्लोरिडात मर्यादा नावाची गोष्टच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांची बाजू बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, डीलरच्या छुप्या फी आणि निरुपयोगी जोडण्या यांच्याविरुद्ध नियम जाहीर केला. मी उठून बसलो. पुढे वाचलं तर मोटरहोम आणि राहायचे ट्रेलर त्या नियमातून नाव घेऊन वगळले होते. आणि ज्यांना वगळलं नव्हतं त्यांनीही पेढे वाटायचं कारण नव्हतं, कारण जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयानं अख्खा नियमच रद्द केला. मी दिवा मालवला.

सकाळी चहाच्या वेळी बाबा डायनिंग टेबलावर विक्रीचा फॉर्म पसरून बसले होते. भिंग लावून त्यांनी डॉक फीच्या खालची बारीक ओळ शोधून काढली होती. "हे काय लिहिलंय?"

मी वाचलं. या रकमेत डीलरचा खर्च आणि नफा धरलेला आहे. वाहन तपासणं, स्वच्छ करणं, जुळवाजुळव करणं आणि विक्रीची कागदपत्रं तयार करणं अशा गोष्टींसाठी ती आहे. फ्लोरिडात मोटारी विकणाऱ्यांना हे वाक्य कायद्यानंच छापावं लागतं, ते ट्रेलरच्या फॉर्मवरही आलं होतं.

"नफा असं लिहिलंय? छापून?" बाबांनी भिंग खाली ठेवलं. "अडतीस वर्षांत एवढं खरं कोणी पट्टीवर लिहिलं नाही रे." क्षणभर त्यांच्या डोळ्यांत त्या डीलरबद्दल आदर दिसला. मग भुवया वर गेल्या. "थांब. तपासणं आणि पुसणं ह्यात आलं ना? मग ती दीड हजाराची तयारी कशाची? एका पोत्याची तोलाई दोनदा लावलीय!"

मी इंजिनियर आहे. बायको चार्टर्ड अकाउंटंट आहे. आम्ही दोघांनी तो कागद प्रत्येकी तीनदा वाचला होता.

दुसऱ्या खेपेला प्रकरण काचेच्या खोलीतल्या मॅनेजरपर्यंत गेलं. या वेळी मी काहीच मऊ केलं नाही, जसं आलं तसं ओतलं. मॅनेजरनं ती ओळ वाचली, प्रेपची ओळ वाचली, खुर्चीत मागे रेलून छताकडे पाहिलं आणि प्रेप काढून टाकायची तयारी दाखवली. डॉक फी मात्र काढता येणार नाही म्हणाला. ती सगळ्यांना सारखीच लावावी लागते, संगणकातून पुसताच येत नाही.

बाबांनी मान डोलावली. "बरोबर आहे. पट्टीवरची ओळ कोणी खोडत नाही. भावात घ्यायला सांग."

मॅनेजरनं गाडीच्या किमतीत ९९९ कमी केले. डॉक फी तिथंच राहिली, ताठ मानेनं. दोन वेगवेगळ्या खंडांतल्या दोन माणसांना एकमेकांचा धंदा एका वाक्यात कळला होता, मी मध्ये नुसता पाईप होतो. बॅटरी आणि गॅस दुकानाच्या खात्यात गेले. प्रेप शून्य करायला मात्र बाबांनीच नकार दिला. फुकटची हमाली घेतली की पोतं फाटतं म्हणे. घासाघीस उलट्या दिशेनं होऊन ती ४९५ वर ठरली. सगळा कर धरून आकडा आला २९,४२०. मॅनेजरनं बाबांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. त्यांना इथे काम करायचा परवाना आहे का, असं त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं. तो थट्टा करत होता असं बायकोचं मत आहे.

पंधरा दिवसांनी फोर्ट डी सोटोला पहिला मुक्काम केला. समुद्र, ताडाची झाडं, कुकरच्या तीन शिट्ट्या. आईनं पोहे केले. बाबा खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ट्रेलर केवढ्याला पडला ते मराठीतून सांगत होते.

तिसऱ्या दिवशी निघताना मैल्याची टाकी रिकामी करायच्या जागी गाडी लावली. मी झाकणाकडे पाहिलं, जमिनीतल्या भोकाकडे पाहिलं, आणि मधल्या आठ फुटांकडे पाहिलं. मग बागेतला पाईप हातात घेऊन उभा राहिलो. बोटाएवढा जाड, हिरवागार, टोकाला फवारा.

"बाबा, ते खोक्यातले पाईप..."

बाबा काही बोलले नाहीत. आई दुसरीकडे बघू लागली.

मागच्या गाडीतून एक म्हातारा उतरला, टोपीवाला, गुडघ्यावर हात ठेवत चालणारा. आमच्याकडे पाहून त्याला सगळं कळलं. तो परत गेला आणि मनगट नव्हे, दंड आत जाईल असा तपकिरी गुंडाळीचा पाईप घेऊन आला. स्वतःच गुडघ्यावर बसून त्यानं तो जोडला, खटका ओढला, कान लावून टाकी रिकामी झाल्याची खात्री केली, पाईप धुऊन दिला. दहा मिनिटं. मी तीन पावलं लांब उभा होतो.

"त्याला विचार," बाबा हळूच म्हणाले, "हमाली किती?"

मी विचारलं. म्हातारा हसला, हात झटकून म्हणाला, काही नाही.

बाबा कासावीस झाले. ते ट्रेलरच्या पायऱ्या चढून आत गेले, डबे वाजल्याचा आवाज आला, आणि वर्तमानपत्रात बांधलेली पुडी घेऊन बाहेर आले. सांगलीची हळद. म्हाताऱ्याच्या तळव्यावर ठेवून त्यांनी त्याची बोटं मिटवली.

म्हाताऱ्यानं पुडी उघडून वास घेतला. हे कशासाठी वापरायचं, असं त्यानं मला विचारलं, आणि मी सांगायला लागेपर्यंत त्याची बोटं पिवळी झाली होती.