हॉलमधलं टेंगूळ

ठाण्यात जुलै महिन्यात काय फुगत नाही? दारं फुगतात, कपाटाचे ड्रॉवर फुगतात, बिस्किटं मऊ पडतात, मिठाला पाणी सुटतं. त्यामुळे हॉलच्या मधोमध जमीन वर आली तेव्हा घरात कुणी फारसं घाबरलं नाही. आई म्हणाली, "पाय देऊन बघ, बसेल." पाय दिला. बसली. आणि हातभर पलीकडे, टीपॉयखाली, वर आली.

एक सांगायला हवं. हे लॅमिनेट फ्लोअरिंग घेताना दुकानदाराने त्याचं जे कौतुक केलं, ते सगळं खरं होतं. वर मेलामाइन या कडक प्लास्टिकचा पारदर्शक थर, त्यात अॅल्युमिनियम ऑक्साइड, त्यामुळे खुर्ची ओढा, सोफा सरकवा, ओरखडा उठत नाही. खरंच उठला नाही. त्या थराखाली सागवान. म्हणजे सागवानाचा फोटो, कागदावर छापलेला. आणि फोटोखाली जे असतं, त्याबद्दल दुकानदार भरभर बोलून गेला. ते असतं एचडीएफ : लाकडाचे तंतू रेझिनचा गोंद घालून, उष्णता देऊन दाबलेले. दगडासारखं दिसणारं हे प्रकरण पाणी बघितलं की स्वतःला आवरू शकत नाही. सांध्यातून आत शिरलेलं पाणी ते पिऊन टाकतं, फुगतं, आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही.

स्वीडनमध्ये १९७७ साली हे फ्लोअरिंग निघालं. तिथे केर काढल्यावर बादली आणि फडकं घेऊन कुणी उकिडवं बसत नसावं. आपल्याकडे ओली झाली नाही ती लादी पुसलेलीच नाही. कामाच्या मावशींना मी नीट समजावलं की फडकं घट्ट पिळायचं, जवळजवळ कोरडं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आईकडे बघितलं. "आजी, दादा म्हणतात पाणी नको. मग नुसतं फडकं फिरवायचं होय? तुमच्याच पायाला कचकच लागंल." आईने मान डोलावली. त्या दोघींचं एकमत झाल्यावर माझ्या मताला या घरात फारसं काम उरत नाही.

मग सल्ले आले. समोरचे काका म्हणाले, फुग्यावर तांदळाचा डबा ठेव. ठेवला. डबा तिरका झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवा. पाण्याने फुगलेल्या वस्तूवर ओलं फडकं! शिवाय मेलामाइन एकदा घट्ट झालं की पुन्हा तापवून मऊ पडत नाही. इस्त्रीने फक्त वीजबिल फुगेल. एकाने इंजेक्शनच्या सिरिंजने फेव्हिकॉल टोचायला सांगितलं. लाकडाचा पातळ पापुद्रा सुटला असेल, तर सुतार हे करतात. इथे टोचणार कुठे? फोटोला?

शेवटी मिस्त्री आला. मांडी घालून बसला, बोटाच्या पेराने टकटक करत सगळा हॉल फिरला आणि निदान केलं. "साब, दो बीमारी है." खिडकीजवळच्या पट्ट्यांच्या कडा उचलल्या होत्या, त्याबद्दल : "इसने पानी पिया है." आणि मधल्या टेंगळाबद्दल काहीच न बोलता त्याने भिंतीकडेचं स्कर्टिंग उपटलं. पट्टी भिंतीला नाक लावून उभी होती. दमट हवेत सगळं फ्लोअरिंग थोडं पसरतं, म्हणून चारही बाजूंना ८ ते १० मिलिमीटर फट सोडायची असते. स्कर्टिंग असतं ते ती फट झाकायला. आमच्याकडे झाकायला काही नव्हतंच. पट्ट्यांची खोकीसुद्धा लावण्याआधी ४८ तास त्याच खोलीत आडवी ठेवायची, असं खोक्यावरच छापलेलं असतं. आधीच्या कारागिराने ती टेम्पोतून उतरवली आणि जेवणाच्या सुट्टीआधी अर्धा हॉल लावून टाकला. त्याच्या झपाट्याचं तेव्हा घरात सगळ्यांना कौतुक होतं.

मिस्त्रीने कड कापली. भुशाचा धुरळा पडद्यांवर बसला, आणि "खट्" असा आवाज होऊन टेंगूळ खाली बसलं. बघून फार बरं वाटलं.

पण पाणी प्यायलेल्या पट्ट्या बदलण्याला पर्याय नव्हता. आणि या पट्ट्या एकमेकींत खाचेने अडकवलेल्या असल्याने हवी ती पट्टी सरळ उचलता येत नाही. भिंतीपासून एकेक ओळ सोडवत यावं लागतं. एक जादा खोकं माळ्यावर ठेवलेलं होतं म्हणून बरं. तीच छटा आता बाजारात मिळत नाही म्हणे.

ओळी सुटल्या, खालचा फोम गुंडाळला गेला, आणि आमची जुनी मोझॅकची लादी बाहेर आली. काळे-पांढरे-तांबूस ठिपके, एकही तडा नाही. आई बघतच राहिली. मिस्त्री पट्ट्यांना नंबर घालण्यात गुंतला होता, मी हिशेबात. तेवढ्यात सपकन आवाज आला.

"माताजी, पानी नहीं!" मिस्त्री ओरडला.

"अरे, किती धूळ साचलीय तिच्यावर," आई म्हणाली. तोपर्यंत तिने निम्मी लादी ओल्या फडक्याने लख्ख केली होती, आणि उरलेल्या निम्मीवर मावशी बसल्या होत्या.

खालची जमीन पूर्ण वाळल्याशिवाय वर काही लावणार नाही, असं सांगून मिस्त्री गेला. दोन पंखे फुल स्पीडवर लावून ठेवलेत. बाहेर पाऊस कोसळतोय. पट्ट्या बेडरूममध्ये पलंगावर आहेत, आम्ही हॉलमध्ये मोझॅकवर गाद्या टाकून झोपतो, आणि मावशी रोज बादलीभर पाण्याने लादी पुसून जातात.