गोगलगाय आणि टँकमध्ये पाय

मासे विकत घ्यावे लागतात. गोगलगायी फुकट येतात, आजारी पडत नाहीत आणि एकदा आल्या की तुम्हाला सोडून जात नाहीत. असा लळा लावणारा प्राणी फिशटँकमध्ये हवा असेल, तर थोडी काळजी घ्यावी लागेल.

सुरुवात झाडांपासून करा. क्रॉफर्ड मार्केटातून व्हॅलिस्नेरियाची जुडी आणली की पिशवी फाडून थेट टँकमध्ये खोचा. पान उलटून पाहू नका. पाहिलंच, आणि मागे जेलीचा पारदर्शक, बुळबुळीत ठिपका दिसला, त्यात खसखशीएवढे कण दिसले, तरी खरवडायचा मोह टाळा. ती अंडी आहेत, पुढची पिढी आहे. झाडं तुरटीच्या पाण्यात बुडवून ठेवणं किंवा काही आठवडे वेगळ्या बादलीत ठेवणं हे ज्यांना दुसरी कामं नाहीत त्यांचे उद्योग.

‘एकच तर आहे’ म्हणून तिला राहू द्या. एकटीला करमेल का, ही काळजी नको. फायसा जातीची गोगलगाय उभयलिंगी असते, जोडीदार नाही मिळाला तर एकटीच संसार थाटते. मलेशियन ट्रम्पेट तर अंड्यांच्याही भानगडीत पडत नाही. मादी नराविना थेट पिल्लंच देते. दिवसभर ही मंडळी खडीत गाडलेली असतात, म्हणून ‘आमच्याकडे नाहीत हो’ असं पाहुण्यांना सांगता येतं. रात्री दीड वाजता टॉर्च मारून काचेकडे बघू नका म्हणजे झालं.

आता मुख्य विषय, खाणं. दाण्यांच्या डबीवर लिहिलेलं असतं, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घाला. कंपनीला काय कळतंय? मासे काचेपाशी येऊन तोंडाची उघडझाप करतात ते काय उगाच? तेव्हा सकाळी तुम्ही घाला, दुपारी आजी घालतील, संध्याकाळी मुलं घालतील, आणि रात्री ‘आज कुणी घातलं का रे?’ असं विचारून उत्तर यायच्या आत पुन्हा चिमूटभर. मासा कधीही ‘पुरे’ म्हणत नाही. उरलेलं खडीत उतरतं, खाली पंगत बसलेलीच असते. खाणं कमी केलं की गोगलगायी आपोआप कमी होतात, असं कुणी सांगायला लागला तर विषय बदला. इतका स्वस्त उपाय खरा कसा असेल?

उपाय भारी हवा. तांब्याचं औषध ओता. आधी कोळंबी जाईल, मग गोगलगायी खडीत सडतील, पाण्यात अमोनिया वाढेल आणि मासेही निघून जातील. टँक स्वच्छ! औषध नको असेल तर गोगलगायी खाणारा क्लाऊन लोच मासा आणा. दुकानात बोटाएवढा, पुढे फूटभर वाढणारा, आणि एकटा राहत नाही म्हणून पाच-सहा तरी घ्यायचे. दोन फुटी टँकमध्ये कसे मावतील, हे घर बदलताना बघू. केरळचा नखाएवढा मटार पफर मासाही गोगलगायी चवीने खातो. जेवणानंतर गप्पीच्या शेपट्या. सह्याद्रीतल्या नद्यांतला पट्टेरी लोच तर घ्याच. तो धोक्यात आलेल्या प्रजातींच्या लाल यादीत आहे, नंतर मिळेलच असं नाही.

रात्री काकडीची चकती टाकून सकाळी गोगलगायींसकट उचलणं हा प्रकार एकदा करून बघायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी विसरून जा, आणि मासे सुकलेत असं वाटून दाणे थोडे जास्त घाला.

इतकं करून बादलीभर साठल्याच तर मारू नका, पाप लागेल. जवळच्या तळ्यात सोडा. फायसा मूळची उत्तर अमेरिकेची, पण भारतातल्या पाण्यात तिने कधीच बस्तान मांडलंय. तिथल्या मंडळींना सोबत होईल.