नोटीस पिरियडचा जाच

हिंजवडी घ्या नाहीतर बंगळुरू, आयटीत सगळीकडे हीच तऱ्हा. राजीनामा दिला की ९० दिवस अडकलात. आणि त्याच कंपन्यांच्या जाहिरातीत काय? 'इमिजिएट जॉइनर हवा'! अहो, तो आणायचा कुठून? तुम्हीच तर सगळ्यांना बांधून ठेवलंय! अमेरिकेतल्या क्लायंटकडचा इंजिनिअर दोन आठवड्यांत मोकळा होतो, तेही बहुतेकदा निव्वळ रिवाज म्हणून. आम्ही मात्र तीन महिने केटी द्यायची (म्हणजे आपलं काम दुसऱ्याला समजावून द्यायचं), आणि ती घ्यायला माणूस उगवतो शेवटच्या आठवड्यात! बायआउट मागा, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरतो, लवकर सोडा म्हणा, तर म्हणे मॅनेजरची मर्जी. रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, अडवतील ही धास्ती वेगळीच. आणि कंपनीला कुणाला काढायचं असलं की? दुपारी एचआरचा कॉल, संध्याकाळी लॅपटॉप जमा. तेव्हा नाही लागत केटी?