पाण्यात जेलीफिश आहेत, हे बोट सुटायच्या आधी सांगा

मागच्या नोव्हेंबरात माझा मावसभाऊ आणि वहिनी डोंबिवलीहून गोव्याला आले होते. मी इथे डाइव्ह गाईड आहे, पण त्या दिवशी आमच्या बोटीत जागा नव्हती, म्हणून ती दोघं दुसऱ्यांच्या बोटीने ग्रँड आयलंडला स्कूबा डायव्हिंगला गेली. संध्याकाळी वहिनीचा हात बघितला आणि पोटात गोळा आला. मनगटापासून कोपरापर्यंत वेताच्या छडीने मारल्यासारखे तीन लाल वळ, आणि वळांवर बारीक पुटकुळ्यांची रांग.

बोटीवर कुणीतरी आधी तो हात टॉवेलने खसाखसा पुसला होता, मग त्यावर प्यायच्या बाटलीतलं पाणी ओतलं होतं. नेमकं जे करू नये तेच. जेलीफिशच्या तंतूंवर हजारो सूक्ष्म दंशपेशी असतात. अंगाला तंतू चिकटला तरी त्या सगळ्या एकदम फुटत नाहीत. घासलं किंवा गोडं पाणी लागलं की उरलेल्याही फुटतात. म्हणून समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चिकटलेले तंतू चिमट्याने अलगद काढायचे आणि मग हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, किमान वीस मिनिटं धरायचा. धाप लागली किंवा चेहरा सुजला तर तडक डॉक्टर.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. वहिनीने उतरायच्या आधी विचारलं होतं, "पाण्यात काही चावत नाही ना?" उत्तर मिळालं, "काय नाय हो, बिनधास्त जावा." तिकडे तर जेट्टीवरूनच जेलीफिश तरंगताना दिसत होत्या!

खरं का सांगत नाहीत, हे मला कळतं. पावसाळाभर धंदा बंद, ऑक्टोबर ते मे एवढेच दिवस हातात, बोटीचे हप्ते डोक्यावर. गिऱ्हाईक घाबरून परत गेलं तर पैसे परत द्यावे लागतात. तरीही हे चूक आहे, आणि आमच्याच धंद्यातली आहे म्हणून मी बोलणार.

कारण किनाऱ्यावर दंश झाला तर माणूस ओरडत बाहेर पळतो. पाण्याखाली तसं पळता येत नाही. पहिल्यांदाच उतरलेला माणूस कळ लागली की श्वास रोखून सरळ वर झेपावतो. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट असतो. वर येताना फुप्फुसातली हवा फुगत जाते आणि श्वास रोखलेला असेल तर फुप्फुसाला इजा होते. त्यासाठी फार खोल असावंच लागतं असं नाही, थोड्या मीटरवरूनही हे होऊ शकतं. ज्याला आधी सांगितलंय की "चटका बसेल, दुखेल, पण श्वास चालू ठेव आणि माझा हात दाब", तो तसा झेपावत नाही. पाच मिनिटं बोलायची असतात, बस.

पूर्ण बाह्यांचा सूट द्या, हातमोजे द्या. वर येताना मान वर करून बघा, डोक्यावर थवा असेल तर जादाच्या रेग्युलेटरचे (टाकीतली हवा तोंडाशी देणाऱ्या साधनाचे) बुडबुडे सोडून वाट मोकळी करा. आणि फारच दाट असेल तर "आज नको" म्हणा. नोव्हेंबर २०२० मध्ये इथल्या किनाऱ्यांवर जीवरक्षकांनी थोड्याच दिवसांत दंश झालेल्या नव्वदहून अधिक लोकांवर उपचार केले होते. हा काही कधीतरी घडणारा अपघात नव्हे.

दुसरीकडे काठीने जेलीफिश चेचणारेही बघते. तेही बघवत नाही. त्या जिवाला मेंदू नाही, हृदय नाही, प्रवाह नेईल तिकडे जातो, मुद्दाम डसत नाही. त्याच्या छत्रीखाली लहान मासे आसऱ्याला असतात. मोरजी, आगोंद, गालजीबागला अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं जेलीफिश खातात. फक्त वाळूत मेलेल्या दिसल्या तरी हात लावू नका, त्याही डसतात.

जानेवारीत दादा-वहिनी पुन्हा आले. या वेळी माझ्याच बोटीत. वाटेत चार-पाच जेलीफिश दिसल्या, तेव्हा बोट थांबवून मी त्या दोघांना दाखवल्या आणि सगळं सांगितलं. दादा म्हणाला, "मी बोटीतच बसतो." वहिनीने गरम पाण्याचा थर्मास कुठे ठेवलाय ते स्वतः बघून घेतलं, सूटची बाही मनगटापर्यंत ओढली आणि उतरली.